पोटकलमातल्या बायका

हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ साली एक दुरुस्ती केली. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला. २२ जून १९९४ पासून हा बदल लागू झाला. त्याच वर्षी राज्याचं पहिलं महिला धोरण आलं होतं, देशातलंही ते पहिलंच, त्यामुळे कौतुक भरपूर झालं. दुरुस्तीचा मजकूर दीड-दोन पानांचा. पहिली पोटकलमं वाचताना छाती फुगते. मग एक छोटंसं पोटकलम येतं: हा बदल अंमलात येण्याआधी ज्या मुलीचं लग्न झालं आहे, तिला हे लागू नाही.

माझ्या दोन आत्या. थोरलीचं लग्न १९८९ सालचं, धाकटीचं १९९५ सालचं. बाप एक, सातबारा एक, लहानपणी दोघींनी खुरपलेलं रान एक. पण कायद्याच्या हिशेबात धाकटी वाटेकरी झाली आणि थोरली झाली नाही. थोरलीचं चुकलं काय, तर तिचं स्थळ आधी जमलं. ती तारीख तिला ठाऊकही नव्हती. पुढे २००५ साली केंद्राने वारसा कायदा बदलला तेव्हा हे लग्नाचं पोटकलम गेलं, आणि त्यावरचे उरलेसुरले वाद सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या ऑगस्टमध्ये मिटवले. मधली अकरा वर्षं या राज्यातल्या थोरल्या बहिणी कायद्याने परक्या होत्या.

(दोघींनीही शेवटी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, हे सांगून टाकते. दोघींना साड्या मिळाल्या. तलाठ्याकडे नोंद झाली. माहेर तुटायला नको, एवढंच दोघी म्हणाल्या. त्यावर वेगळं लिहावं लागेल.)

हे पोटकलम महाराष्ट्राच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. आंध्रने १९८६ मध्ये आणि तमिळनाडूने १९८९ मध्ये अशाच दुरुस्त्या केल्या होत्या, त्यांतही लग्न झालेल्या मुली वगळलेल्या होत्या. कर्नाटकनेही आपल्याच सुमारास तेच केलं. केरळने मात्र १९७५ सालीच वेगळा रस्ता धरला होता: एकत्र कुटुंब ही कायदेशीर कल्पनाच मोडीत काढली. आपण शेजाऱ्याची वही उतरवली, चुकांसकट. मसुदा लिहिणाऱ्यांना ही सोय वाटली असणार, कारण झालेल्या लग्नांमध्ये आणि झालेल्या वाटण्यांमध्ये कोणाला हात घालायचा नसतो. पण झालेल्या वाटण्यांना संरक्षण देणं वेगळं, आणि झालेल्या लग्नांमुळे हक्कच नाकारणं वेगळं. पहिल्याला निदान व्यवहाराचं कारण तरी आहे. दुसऱ्यामागे जुनीच समजूत आहे: लग्न झालं की मुलगी घरातून वजा.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. बायकांसाठी एखादा कायदा झाला की मी त्याचं नाव आणि उद्देश वाचत बसत नाही. थेट अपवादांकडे जाते. कोणाला लागू नाही? कधीपासून नाही? कोणत्या कामाला नाही? संघटनेच्या कामात मसुदे वाचायची वेळ येते तेव्हा आमच्यातल्या नव्या मुली या खोडीला हसतात.

कायदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दिल्ली येते. खरं तर बायकांच्या बाजूचे बरेच कायदे आधी प्रांतांत, राज्यांत झाले आणि दिल्लीने ते मागाहून घेतले. मताधिकारापासून बघा. १९१९ च्या सुधारणांनी बायकांना मत द्यायचं की नाही हा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोडून हात झटकले होते. १९२१ मध्ये मद्रासने आणि मागोमाग मुंबईने तो दिला. इथे त्यासाठी झटणाऱ्यांमध्ये रमाबाई रानडे होत्या. मात्र मत मिळालं ते मिळकतीच्या अटीवर, आणि मिळकत होती कितीजणींच्या नावावर? उमेदवार म्हणून उभं राहायची परवानगी तर आणखी काही वर्षांनी आली.

मग १९२८. मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं. गिरणी-कारखान्यांत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही आठवडे विश्रांती आणि त्या काळाचे पैसे, एवढीच मागणी. डॉ. आंबेडकर तेव्हा परिषदेचे सदस्य होते आणि त्यांनी जुलैमध्ये विधेयकाच्या बाजूने भाषण केलं. आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून खरं तर हा भार सरकारने उचलायला हवा. पण सरकार तो घेत नाही तोवर मालकाने द्यावा, कारण बाईला कामावर ठेवतो तो त्यात त्याचा फायदा असतो म्हणूनच, असा त्यांचा रोख होता. ममतेची, मातृत्वाच्या महतीची भाषा नाही. सरळ हिशेब. मला ते भाषण यासाठी आवडतं. वर्षभरात, १९२९ साली, कायदा झाला, देशातला असा पहिला. पण कारखान्यापुरता. शेतात राबणारी, वीटभट्टीवरची, दुसऱ्याच्या घरची धुणी धुणारी त्यात नव्हती. तिच्यासाठी बाळंतपण म्हणजे बुडालेला रोज, ते तसंच राहिलं.

द्विभार्याबंदीचा मुंबई प्रांताचा कायदा १९४६ चा, घटस्फोटाचा १९४७ चा. हिंदू विवाह कायदा यायला १९५५ उजाडलं. फक्त हिंदूंनाच एक बायको का, असं विचारत द्विभार्याबंदीला उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि १९५१ मध्ये ते फेटाळलं गेलं.

अपवाद वाचायची खोड असली तरी एका कायद्यापाशी मी थांबते, कारण तिथे उलटं घडलं. रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळात रस्त्याची, पाझर तलावांची, नालाबांधाची कामं निघाली, खडी फोडायला बायका रांगेने बसल्या. त्या अनुभवातून, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून, १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी तो लागू झाला. काम मागेल त्याला काम. या मजकुरात बाईसाठी खास आरास नाही. काम मागणारा प्रौढ माणूस, मग तो बाई असो की पुरुष. मजुरी कामाच्या मापावर, दोघांना सारखीच. आणि कामावर लहान मुलांसाठी सावली व सांभाळायला माणूस. एवढ्या तीन गोष्टींनी बायका कामावर आल्या, मोठ्या संख्येने आल्या. खर्चासाठी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायला लागले. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारपत्रकावरची ती छोटी वजावट औरंगाबाद-सोलापूरकडच्या बाईच्या मजुरीत जात होती, आणि दोघांचीही एकमेकांशी ओळख नव्हती. केंद्राचा रोजगार हमी कायदा २००५ चा. त्याच्या आधी आपल्याकडे एक पिढी या कामांवर वाढली होती. पाळणाघरं कागदावर किती आणि झाडाला बांधलेल्या झोळ्या किती, हे विचारू नका. पण कागदावर होती म्हणून मागता तरी येत होती.

विधानभवनाशी संबंध आला की पहिला धडा हा मिळतो की घोषणेला उत्तर मिळत नाही, प्रश्नाला मिळतं. आझाद मैदानावर बसा, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मोर्चा काढा, पोलीस कडं करून अडवतात, शिष्टमंडळ आत जातं, मंत्री निवेदन घेतात, फोटो होतो, निवेदनावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो आणि कागद खात्यात गडप होतो. मोर्चा नको असं मी म्हणणार नाही. मोर्चाशिवाय आत कोणी बोलावतच नाही. पण काम पुढे सरकतं ते एखाद्या आमदाराने तारांकित प्रश्न टाकला, लक्षवेधी लावली की. तेव्हा खात्याला आकडा जमवावा लागतो, मंत्र्याला तो सभागृहात उच्चारावा लागतो, आणि उच्चारलेला आकडा परत तोंडात घालता येत नाही. म्हणून आमदारांपेक्षा त्यांच्या स्वीय सहायकांशी ओळख ठेवावी. प्रश्न कधी द्यायचा, किती लहान ठेवायचा, कोणत्या खात्याच्या नावे टाकायचा, ही विद्या त्यांच्याकडे असते. ‘ऊसतोड महिलांच्या समस्यांबाबत’ असा प्रश्न दिला तर ‘शासन गंभीर आहे’ हे उत्तर ठरलेलं. ‘अमुक जिल्ह्यात, गेल्या तीन वर्षांत, खासगी दवाखान्यांत किती’ असं विचारलं तर आकड्याला पर्याय राहत नाही.

२०१९ मध्ये तसंच झालं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जातात, हे कार्यकर्त्या आणि पत्रकार सांगत होते. विधान परिषदेत विषय आला, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तरात आकडा दिला: तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया, एका जिल्ह्यात. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहातली एक.

हे का होतं ते समजायला ऊसतोडीचा हिशेब माहीत हवा. मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. तिचं काम मोळ्या बांधण्याचं, डोक्यावरून वाहून गाडी भरण्याचं. पहाटे उठून भाकरी थापणं वेगळंच. एका दिवसाचा खाडा झाला तर दंड उचलीवर चढतो. पाळी, पोटदुखी, अंगावरून जाणं, सगळ्याचा खाडाच. फडात मोरी नाही, पाण्याची सोय नाही, कोपीवर आडोसा नाही. मग दवाखान्यात कोणी तरी कॅन्सरची भीती घालतं आणि तिशीतली बाई पिशवी काढून येते, पुढच्या हंगामाआधी. या सगळ्या साखळीत ती स्वतंत्र मजूर म्हणून कुठेच नोंदलेली नाही. ती अर्धा कोयता आहे. कामगार कायदे पुस्तकात पुष्कळ आहेत, पण ते लागू व्हायला आधी माणूस एक तरी धरला जावा लागतो. म्हणून या बायकांच्या संघटनांची मागणी ऐकताना किरकोळ वाटते, पण मुळावरची आहे: नोंदणी बाईच्या नावाने, ओळखपत्र बाईच्या नावाने. आरोग्य तपासणी, शौचालय, रेशन त्याच्या मागून येतं.

बीडचाच आणखी एक आकडा. २०११ च्या जनगणनेत तिथे शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा तर महाराष्ट्राचाच, १९८८ चा. मुंबईतल्या कार्यकर्त्या, डॉक्टर, शास्त्रज्ञ यांनी एकत्र येऊन तो करायला लावला. त्याही कायद्यात तपासणी करून घेणाऱ्या बाईलाच शिक्षेच्या कक्षेत आणून ठेवलं होतं, जणू घरात तिचं मत विचारून सगळं ठरत होतं. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. राज्याचं प्रमाण मात्र १९९१ ला ९४६, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४ असं उतरत गेलं. यावरून कायदा फुकट गेला असं म्हणणारे भेटतात. मला तसं वाटत नाही, पण यंत्रं कायद्याच्या पुढे धावली आणि कायदा मसुद्यात ओळखलेल्या तपासण्यांच्या मागे लागला, हे खरं. २००३ मध्ये केंद्राच्या कायद्याला दुरुस्ती करावी लागली ती त्याचमुळे.

आता मला राग येतो त्या प्रकाराकडे. बायकांच्या नावाने, बायकांना न विचारता केलेले कायदे. २००५ मध्ये डान्सबारवर बंदी आली. सभागृहात एकमत. स्त्रीची प्रतिष्ठा, तरुण पिढी, संस्कृती, सगळी भाषणं झाली. बंदीने हजारो बायकांचा रोजगार एका रात्रीत गेला आणि त्यांच्याशी चर्चा करायचं कोणाला सुचलं नाही. बारबाला मात्र संघटना करून रस्त्यावर आल्या, न्यायालयात गेल्या. आणि इथेही अपवाद वाचण्यासारखा होता: तारांकित हॉटेलं, क्लब यांना बंदीतून सूट. म्हणजे नाच तोच. गिऱ्हाईक श्रीमंत असलं की प्रतिष्ठेला धक्का लागत नाही! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. सरकारने पुन्हा कायदा केला, २०१६ मध्ये आणखी एक केला, २०१९ मध्ये त्याच्याही बऱ्याच अटी न्यायालयाने उडवल्या. एवढी चिकाटी बाकी कुठे दिसली असती तर.

शक्ती विधेयकाचंही तसंच. डिसेंबर २०२० मध्ये मांडलं. बलात्काराच्या काही गुन्ह्यांना फाशी, पंधरा दिवसांत तपास, आणि खोट्या तक्रारीला शिक्षा. टाळ्या मिळतील अशी सगळी कलमं. राज्यातल्या अनेक स्त्री संघटनांनी विरोध केला तेव्हा लोक चक्रावले: बायकांनाच बायकांचा कायदा नको? पण फाशीच्या धाकाने घरातल्या, नात्यातल्या आरोपीविरुद्ध तक्रार करायला आई कचरेल, पंधरा दिवसांत पोलीस पुरावा गोळा करतील की प्रकरण उरकतील, आणि खोटेपणाच्या शिक्षेची भीती खऱ्या तक्रारदारालाच आधी वाटेल, हे पोलीस ठाण्यात बाईसोबत एकदा तरी बसलेल्या माणसाला कळतं. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं. तपासाची मुदत तीस दिवसांची झाली. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं आणि ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं, कारण फौजदारी कायदा समवर्ती सूचीतला. केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद करायची तर ती संमती लागते. तिथेच ते अडकलं. दरम्यान २०२४ च्या जुलैपासून भारतीय दंड संहिताच जाऊन न्याय संहिता आली. भाषणं कार्यवृत्तात राहिली.

सामाजिक बहिष्काराचा कायदा मात्र खालून वर आला. जातपंचायतींनी आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीला, तिच्या आईबापांना वाळीत टाकायचं, दंड लावायचा, हे शतकानुशतकं चालत आलेलं. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृतीविरोधी कायदा केला होता, तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. २०१३ मध्ये नाशिकला जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा तिच्याच वडिलांनी खून केला, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींच्या एकेक तक्रारी गोळा करायला घेतल्या. त्याच वर्षी २० ऑगस्टला समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. कित्येक वर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा आधी अध्यादेश म्हणून आणि मग डिसेंबरात नागपूरला मंजूर होऊन आला. कायद्याला माणसाचा जीव द्यावा लागला, हे वाक्य मी भाषणात म्हणू शकत नाही, घसा बसतो. बहिष्कारविरोधी कायदा विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू आहे. दोन्हींचा मसुदा सभागृहात येण्याआधी गावागावांत भोगलेल्या माणसांच्या तोंडून तयार झाला होता, म्हणून त्यांची भाषा नेमकी आहे. डान्सबारच्या कायद्याशेजारी ठेवून वाचा.

विधानसभेत २८८ जागा. २०१९ मध्ये २४ बायका निवडून आल्या, २०२४ मध्ये २१. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत निम्म्या जागा राखीव होऊन एक तप उलटलं आहे, आणि तिथून वर चढायचा जिना मात्र कोणी बांधलेला नाही. तिकीट वाटपाच्या बैठकीला आरक्षण नसतं. संसद आणि विधानसभांमध्ये एक तृतीयांश जागा देणारी २०२३ ची घटनादुरुस्ती आली, तीही वाचताना माझी नजर आपोआप शेवटाकडे गेली: जनगणना होईल, मग मतदारसंघांची पुनर्रचना होईल, मग.

सध्या आमच्याकडे वाद चालू आहे तो विधवा प्रथांवर. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असं सुचवलं. पुष्कळ ग्रामपंचायतींनी ठराव केले. आता कायदा करा, शिक्षा ठेवा, अशी मागणी आहे आणि मसुद्यावर बोलायला आम्हाला बोलावतात. माझी शंका अशी की बांगड्या फोडणारे हात बहुतेक वेळा जावेचे, नणंदेचे, कधी सख्ख्या आईचे असतात. तेराव्याच्या आत पोलीस ठाण्यात जाऊन त्यांची नावं कोण लिहून देणार? आणि हे हात निम्म्या घरांत स्वतः विधवेचे असतात. तरुण मुली म्हणतात, धाक तर बसेल. त्यांचंही चूक नाही. हुंड्याबाबतही लोक असंच म्हणाले होते. मी मसुद्यात शिक्षेच्या कलमाऐवजी मिळकतीत नाव लावणं, रेशनकार्ड आणि घर तिच्या नावावर करणं ही ग्रामसेवकाची मुदतबंद जबाबदारी करावी असं सुचवलं आहे. त्यावर पुढच्या बैठकीत भांडण होणार आहे.